सिलेक्टचा रिझल्ट कोणाचा? सियागंजच्या बिलिंग मायग्रेशनच्या प्रकल्प नोंदी

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार

राखीची सुट्टी संपली, आज प्रोसीजरना, म्हणजे डेटाबेसच्या आत साठवलेल्या प्रोग्रामना, हात लावला. टेबलं, डेटा, इंडेक्स हे सगळं आधीच पोस्टग्रेस १६ या फुकटच्या डेटाबेसवर येऊन बसलंय, तो भाग सोपा होता. पार्टी इंदूरच्या सियागंज बाजारातली, किराणा आणि सुकामेव्याचं होलसेल, आणि सगळा कारभार मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर, एसक्यूएल सर्व्हर २०१४ वर. त्या व्हर्जनचा एक्स्टेंडेड सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ९ जुलै २०२४ ला बंद केला, नवीन लायसन्सचा आकडा ऐकून सेठजींनी आधी पंखा वाढवायला सांगितला आणि मग म्हणाले दुसरं काही बघा. म्हणून पोस्टग्रेस.

अडचण अशी की सगळं डोकं प्रोसीजरमध्ये आहे. डॉटनेटचं विंडोज ॲप्लिकेशन आहे ते नुसती बटणं दाबतं, बाकी बिल, स्टॉक, उधारी, दिवस बंद करणं सगळं डेटाबेसच्या आत. ज्याने लिहिलं तो माणूस कधीच पुण्याला निघून गेला.

पहिली प्रोसीजर पीएल-पीजीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या प्रोसीजरच्या भाषेत, लिहून टाकली, क्रिएट गुपचूप पास झालं, ज्युनिअर खुश, चालवली तर धाडकन एरर, "क्वेरी हॅज नो डेस्टिनेशन फॉर रिझल्ट डेटा", कोड ४२६०१. खाली हिंट पण दिलीय, सिलेक्टचा (डेटा वाचणाऱ्या क्वेरीचा) रिझल्ट टाकून द्यायचा असेल तर परफॉर्म वापरा.

कारण साधं आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रोसीजरच्या आत नुसतं सिलेक्ट लिहिलं की त्याचा रिझल्ट सरळ क्लायंटकडे, म्हणजे बोलावणाऱ्या ॲपकडे, जातो, तुम्ही दहा सिलेक्ट लिहा, दहा ग्रिड (ओळी-रकान्यांचे तक्ते) जातील, कोणी वाचो न वाचो. पोस्टग्रेसमध्ये असा रस्ताच नाही. सिलेक्ट केलंय तर ते कुठे जाणार ते सांगा, व्हेरिएबलमध्ये, रिटर्न क्वेरीमध्ये, लूपमध्ये, नाहीतर सरळ सांगा की फेका.

आणि ही एरर कोडने सिंटॅक्सची असली तरी येते रनटाइमला, ती ओळ प्रत्यक्ष चालली तरच. म्हणजे इफच्या ज्या फांदीत कधीतरी महिन्यातून एकदा शिरतो, माल परत आला, क्रेडिट नोट कापली, तिथलं सिलेक्ट निवांत झोपून राहणार आणि दिवाळीच्या गर्दीत उठणार. हे आजच लिहून ठेवतोय कारण "क्रिएट झालं म्हणजे झालं" हे वाक्य ऑफिसात सकाळपासून ऐकू येतंय.

२१ ऑगस्ट, बुधवार

ज्युनिअरने रात्री सगळ्या फाइलींवर फाइंड-रिप्लेस मारला, जिथे नुसतं सिलेक्ट तिथे परफॉर्म. सकाळी म्हणाला, भिया सगळ्या एरर गेल्या. गेल्या ना, पण एरर जाणं आणि काम होणं वेगळं, हिंटला काय माहीत की तो रिझल्ट कोणाला हवा होता का. त्याची ब्रँच (कोडची वेगळी प्रत) तशीच बाजूला ठेवली आणि ठरवलं की एकेक सिलेक्ट हाताने बघायचं, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, तुझा रिझल्ट आजपर्यंत कोण वाचत होतं.

परफॉर्म वाईट आहे असं अजिबात नाही. पोस्टग्रेसमध्ये कितीतरी कामं फंक्शनच्या रूपात येतात आणि त्यांच्या उत्तराशी आपल्याला घेणंदेणं नसतं. पीजी_नोटिफाय करून गोडाऊनच्या स्क्रीनला कळवायचंय, सेटव्हॅलने बिल नंबरची सिक्वेन्स नवीन वर्षाला परत एकवर आणायचीय, सेट_कॉन्फिगने सेशनमध्ये युझरचं नाव ठेवायचंय. इथे परफॉर्म हाच बरोबर शब्द.

लॉगबद्दल एक गोष्ट, पोरं इथे गोंधळतात. परफॉर्मच्या आत एरर आली की कॉन्टेक्स्टमध्ये स्टेटमेंट सिलेक्ट म्हणून दिसतं आणि खाली लिहिलेलं असतं, अमुक फंक्शन, अमुक ओळ, ॲट परफॉर्म. कारण पार्सर परफॉर्मच्या जागी सिलेक्ट टाकूनच पुढे चालवतो. मग माणूस सोर्समध्ये ते सिलेक्ट शोधत बसतो आणि ते सापडत नाही. ओळीचा नंबर बघायचा, मजकूर नाही. आणि परफॉर्म फक्त पीएल-पीजीएसक्यूएलच्या आतलं आहे, साध्या क्वेरी विंडोमध्ये किंवा लँग्वेज एसक्यूएलच्या फंक्शनमध्ये टाकलं तर सरळ सिंटॅक्स एरर.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

दोन दिवस नुसतं वाचन. जुन्या कोडमध्ये नुसती सिलेक्ट तीन जातीची निघताहेत. एक म्हणजे डीबगचा कचरा, "स्टेप २ झाली" असलं काहीतरी, लिहिणारा टेस्ट करताना टाकून विसरला. ती सरळ उडवायची, परफॉर्म सुद्धा नको, जिथे खरंच काही बघायचंय तिथे रेझ डीबग. दुसरी खऱ्या स्क्रीनची, ॲप वाचतं. तिसरी मजेदार, एक प्रोसीजर दुसरीला बोलावते आणि तिचा रिझल्ट टेंप टेबलमध्ये (तात्पुरत्या टेबलात) ओतून घेते, याला इन्सर्ट एक्झेक म्हणतात.

या तिसऱ्या जातीत एका ठिकाणी टेंप टेबलचं नाव खरंच "कचरा" आहे. म्हणजे आतल्या प्रोसीजरचा रिझल्ट क्लायंटपर्यंत जाऊ नये म्हणून त्याने तो टेंप टेबलमध्ये पकडला आणि टेबल टाकून दिलं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रिझल्ट गिळायचा हा नेहमीचाच जुगाड आहे, तिथे परफॉर्मसारखं काही नाही. पण जुगाडाला दोन खिळे आहेत, इन्सर्ट एक्झेकच्या आत परत इन्सर्ट एक्झेक चालत नाही, आणि आतल्याने कॉलम एक जरी वाढवला तरी बाहेरचा पडतो. वरच्या कॉमेंटवरून दिसतंय की असा तो पडला पण होता, कोणीतरी आत एक डीबग सिलेक्ट टाकलं आणि बिलं सेव्ह व्हायची बंद झाली.

ज्युनिअरचा प्रश्न, पण भिया वर सेट नोकाउंट ऑन लिहिलंय ना, मग रिझल्ट कसा जाईल? नोकाउंट फक्त "इतक्या ओळींवर परिणाम झाला" हा मेसेज बंद करतं रे, सिलेक्टच्या ओळी जातातच. बऱ्याच जणांचा हा समज असतो, त्यालाच का बोलायचं.

२९ ऑगस्ट, गुरुवार

आजचा दिवस सियागंजमध्ये. दिवस बंद करायची प्रोसीजर समजून घ्यायला गेलो, कारण ती सगळ्यात लांब आणि तिच्या शेवटी एक सिलेक्ट आहे ज्याचं काही कोडं सुटत नव्हतं. ज्या पार्ट्यांची उधारी लिमिटच्या वर गेलीय त्यांची यादी, नाव, बाकी, शेवटचं पेमेंट कधी. ॲपमध्ये शोधलं तर बटण ही प्रोसीजर एक्झिक्यूट-नॉनक्वेरीने चालवतं, म्हणजे जे काही ग्रिड येतील ते ॲप बघतच नाही. कोडच्या हिशोबाने हा रिझल्ट कोणीच वाचत नाही. ज्युनिअरच्या ब्रँचमध्ये त्याचं परफॉर्म झालेलं होतं आणि कागदावर ते बरोबरच होतं.

दुकानात मुनीमकाका बसलेले. त्यांना विचारलं, काका, दिवस बंद कसा करता, बटण दाबता ना? म्हणाले, बटण कोण दाबतं, ते बटण गेली कित्येक वर्षं अडकतं, मी इथूनच करतो. आणि कॉम्प्युटरवर एसक्यूएल सर्व्हरचा मॅनेजमेंट स्टुडिओ (हाताने क्वेरी चालवायचं टूल) उघडा! कोणी तरी त्यांना कधीतरी एक्झेकची एक ओळ शिकवून गेलेलं, ती एका नोटपॅड फाइलमध्ये जपून ठेवलीय, रोज रात्री चिकटवतात, एफ५ दाबतात, खाली तीन ग्रिड येतात, पहिल्या दोनकडे बघत सुद्धा नाहीत, तिसरी ग्रिड वहीत उतरवून घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वहीवरून फोन, "भैयाजी, जरा हिसाब देख लो". सियागंजची आख्खी वसुली त्या न वाचल्या जाणाऱ्या तिसऱ्या ग्रिडवर चाललीय.

काका हसले, म्हणाले, हे तुमच्या कागदात नव्हतं का? नव्हतं हो काका, कसं असणार.

इथून पुढे नियम बदलला. ॲपचा कोड चाळून "कोणी वाचत नाही" असं लिहायचं नाही, ज्या प्रोसीजर माणसं हाताने चालवतात त्यांची यादी आधी बनवायची. सर्व्हरवर एक्स्टेंडेड इव्हेंट्सचं सेशन लावून दिलं, कुठल्या प्रोग्रामच्या नावाने काय चालतं ते काही दिवस पकडायचं. मॅनेजमेंट स्टुडिओचं नाव जिथे दिसेल तिथे खुर्ची ओढून त्या माणसाशेजारी बसायचं.

परत येताना राजवाड्याच्या अलीकडे गाडी अडकली, गणपतीच्या मूर्तींच्या गाड्या सुरू झाल्यात.

३० ऑगस्ट, शुक्रवार

कालच्यावरून डिझाइन ठरलं. दिवस बंद ही प्रोसीजर, कॉलने चालणार, ती काही दाखवणार नाही. उधारीची यादी वेगळं फंक्शन, रिटर्न्स टेबल, कोणीही कधीही सिलेक्ट मारून बघा. पोस्टग्रेसच्या प्रोसीजरमधून एसक्यूएल सर्व्हरसारखे ग्रिड बाहेर येत नाहीतच, इनआउट पॅरामीटर किंवा रेफकर्सर (रिझल्टकडे बोट दाखवणारा कर्सर, ओळी नंतर फेचने ओढायच्या), बस. व्हर्जन १४ पासून आउट पॅरामीटर पण चालतात. रेफकर्सरचा विचार केला होता, पण काकांना फेच ऑल शिकवण्यापेक्षा दोन वेगळ्या ओळी नोटपॅडमध्ये दिलेल्या बऱ्या.

रिटर्न्स टेबल लिहिताना लगेच एक ठेच, टेबलच्या कॉलमचं आणि रिटर्नच्या कॉलमचं नाव सारखं ठेवलं की "कॉलम रेफरन्स इज ॲम्बिग्युअस". सगळीकडे टेबलचं उपनाव लावून लिहायचं म्हणजे भांडण नाही. आणि रिटर्न क्वेरी म्हणजे तिथून बाहेर पडणं नव्हे, ते फक्त ओळी जमा करतं आणि पुढच्या ओळीवर जातं. यातून दुप्पट यादी येताना पाहिली म्हणून लिहितोय.

ॲपच्या बाजूला, एनपीजीएसक्यूएल (डॉटनेटला पोस्टग्रेसशी जोडणारा ड्रायव्हर) ७ पासून कमांड टाइप स्टोअर्ड प्रोसीजर दिला की तो कॉल पाठवतो, आधी सिलेक्ट पाठवायचा. फंक्शनला कॉल पाठवला तर पोस्टग्रेस म्हणतं ही प्रोसीजर नाही. म्हणून फंक्शनसाठी टेक्स्ट कमांड आणि सरळ सिलेक्ट.

३ सप्टेंबर, मंगळवार

आज फाउंडने (मागच्या क्वेरीला ओळ लागली का हे ट्रू-फॉल्समध्ये सांगणारं व्हेरिएबल) दिवस खाल्ला, आणि हे नीट लिहिलं पाहिजे कारण हे टेस्टमध्ये सुदैवाने दिसलं, एरवी दिसत नाही.

स्टॉकचं जुनं पॅटर्न: अपडेट मारा, ओळ लागली नाही तर इन्सर्ट करा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रोकाउंट (किती ओळी लागल्या) बघून, इथे इफ नॉट फाउंड. बरोबर चालत होतं. मग गोडाऊनच्या स्क्रीनला कळवायला म्हणून अपडेटच्या लगेच खाली परफॉर्म पीजी_नोटिफाय आलं. तेव्हापासून नवीन आयटमची स्टॉकची ओळच बनेना, एरर नाही, वॉर्निंग नाही, नुसती ओळ नाही.

परफॉर्म पण फाउंड सेट करतं ना. ओळी फेकतं, पण एक तरी ओळ आली होती का हे फाउंडमध्ये ठेवतं. फंक्शनला बोलावणारं साधं परफॉर्म म्हणजे एक ओळ नक्की, म्हणजे फाउंड ट्रू. अपडेटने फॉल्स केलेलं होतं, नोटिफायने त्यावर ट्रू लिहिलं, इन्सर्ट कधीच चाललं नाही. रिझल्ट फेकला म्हणजे मागे काहीच राहिलं नाही असं नाही. आता पद्धत अशी की अपडेटनंतर लगेच फाउंड किंवा गेट डायग्नोस्टिक्सने रोकाउंट आपल्या व्हेरिएबलमध्ये घ्यायचा, मग काय नोटिफाय करायचं ते करा. या एका ठिकाणी तर शेवटी इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्ट (ओळ नसेल तर इन्सर्ट, असेल तर अपडेट, एकाच स्टेटमेंटमध्ये) लावून विषयच संपवला.

याचंच भावंड लगेच दुसऱ्या फाइलीत सापडलं, परफॉर्म काउंट स्टार, खाली इफ फाउंड. काउंट शून्य असला तरी शून्य लिहिलेली एक ओळ येतेच, फाउंड नेहमी ट्रू. त्यामुळे प्रत्येक पार्टी "आधीच आहे".

आणि नुसतं आहे की नाही एवढंच बघायचंय तर परफॉर्म कशाला. परफॉर्म पूर्ण क्वेरी चालवतं, लेजरच्या सगळ्या ओळी आणतं आणि मग फेकतं. इफ एक्झिस्ट्स पहिल्या ओळीवर थांबतं. वर्षानुवर्षांच्या लेजरवर हा फरक नुसत्या डोळ्याला दिसतो.

५ सप्टेंबर, गुरुवार

उलटं उदाहरण, जिथे सगळ्या ओळी आणून फेकणंच हवंय. बिल सेव्ह करताना दोन काउंटरवाले एकाच वेळी तोच माल विकू नयेत म्हणून स्टॉकच्या ओळी लॉक करायच्या. परफॉर्म १ फ्रॉम स्टॉक, बिलातले आयटम, ऑर्डर बाय आयटम आयडी, फॉर अपडेट. इथे उत्तर कोणालाच नकोय, लॉक हवंय. लिमिट १ लावलं तर एकच ओळ लॉक होणार, म्हणून परवाचा हिशोब इथे लावायचा नाही. ऑर्डर बाय यासाठी की दोघं उलट्या क्रमाने लॉक घेऊन एकमेकांची वाट बघत बसू नयेत. काउंटला फॉर अपडेट लावताच येत नाही, एरर येते, बरंच आहे.

दिवस बंद दोन जागांवरून एकदम चालू नये म्हणून जुन्या कोडमध्ये एसपी_गेटॲपलॉक होतं. ते लॉक मिळालं की नाही हे रिटर्न व्हॅल्यूमध्ये सांगतं, निगेटिव्ह आला म्हणजे मिळालं नाही, आणि जुन्या कोडमध्ये ती व्हॅल्यू कोणीच बघत नव्हतं. लॉक न मिळता पण काम पुढे जात होतं. भाषांतर करताना त्याच्या जागी परफॉर्म पीजी_ट्राय_ॲडव्हायझरी_एक्सॅक्ट_लॉक (pg_try_advisory_xact_lock) आलं, म्हणजे जुना रोग जसाच्या तसा नव्या घरात. ट्रायवाला थांबत नाही, ट्रू किंवा फॉल्स देतो, ते उत्तर फेकलं तर लॉकचा उपयोग काय? ट्राय हवा असेल तर इफमध्ये, आणि थांबलेलं चालत असेल तर ट्राय नसलेलं, ते लॉक मिळेपर्यंत थांबतं आणि रिकामं परत येतं, त्याला परफॉर्म शोभतं. आम्ही इफ लावला, काकांना मेसेज येईल "दुसरीकडे दिवस बंद चालू आहे".

याच्यावरून सगळी परफॉर्म परत एकदा चाळली, ज्यांना बोलावतो ती फंक्शन बूलियन किंवा कोड परत देतात का. देतात! स्टॉक कमी करणारं फंक्शन माल कमी पडला तर वजा एक देत होतं, बाहेरचा ते फेकत होता. असल्या ठिकाणी परत द्यायचंच नाही असं ठरलं, रेझ एक्सेप्शन, म्हणजे फेकायचा प्रश्नच नाही. ऑरेकल डेटाबेसवरून आलेल्या आमच्या सरांचं पण हेच मत, ते म्हणाले आमच्याकडे इन्टू नसलेलं सिलेक्ट कंपाइलच होत नाही, पीएलएस-००४२८, तिथे हे सगळं लपून राहतच नाही. खरंय, पण लायसन्सचा आकडा सेठजींना त्यांनीच सांगावा.

९ सप्टेंबर, सोमवार

गणपती बसले, ऑफिसात पण बसवलाय, मोदकांचा डबा सर्व्हरच्या रॅकवर ठेवू नका अशी चिठ्ठी लावली.

आजचा विषय व्हेरिएबलमध्ये घेताना गुपचूप फेकल्या जाणाऱ्या ओळी. भावाची प्रोसीजर, आयटमचा चालू भाव व्हेरिएबलमध्ये घेते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्वेरीला एकाहून जास्त ओळी आल्या तर व्हेरिएबलमध्ये शेवटची राहते. पोस्टग्रेसच्या सिलेक्ट इन्टूमध्ये पहिली राहते, बाकीच्या जातात, दोघंही चूं करत नाहीत. बदामाच्या एका जातीचे दोन भाव चालू होते, जुना बंद करायचा राहिलेला, जुनी सिस्टिम नवा भाव लावत होती आणि नवी सिस्टिम जुना. ऑर्डर बाय नसताना पहिली कोणती आणि शेवटची कोणती याला तसाही काही आधार नाही, चालत होतं ते नशिबाने.

याहून वाईट म्हणजे ओळ आलीच नाही तर. एसक्यूएल सर्व्हरमध्ये व्हेरिएबल आधीची व्हॅल्यू धरून बसतं, पोस्टग्रेसमध्ये नल (रिकामं) होतं. जुन्या कोडमध्ये लूपच्या आत हे चाललेलं, म्हणजे ज्या आयटमला भाव नाही त्याला मागच्या आयटमचा भाव लागत होता. काजूच्या भावात खसखस गेली असेल कधीतरी, कोणास ठाऊक, पण ते सेठजींना सांगायची जबाबदारी सरांची.

इलाज इन्टू स्ट्रिक्ट. शून्य ओळी आल्या तर नो डेटा फाउंड, जास्त आल्या तर टू मेनी रोज, दोन्ही एरर. भाव, पार्टीचं खातं, कराचा दर, जिथे एकच असायला हवं तिथे सगळीकडे स्ट्रिक्ट. डेव्हलपमेंटच्या डेटाबेसवर पीएल-पीजीएसक्यूएलचं एक्स्ट्रा एरर्स सेटिंग टू मेनी रोजवर ठेवलं, १२ पासून आलंय, स्ट्रिक्ट लिहायचं राहिलं तरी ओरडतं. फक्त डेटाबेसवर ठेवलेलं सेटिंग नव्या सेशनलाच लागतं, आधीपासून उघड्या सेशनला नाही, म्हणून कनेक्शन नवीन घ्या आणि मग टेस्ट करा.

११ सप्टेंबर, बुधवार

विथने सुरू होणाऱ्या, म्हणजे आधी नाव दिलेली उप-क्वेरी आणि मग मुख्य क्वेरी अशा, क्वेरींचा ढीग. परफॉर्म विथ असं लिहिता येत नाही, कारण त्याचं सिलेक्ट विथ होतं. पूर्ण क्वेरी कंसात टाकून परफॉर्म लावता येतं पण मग ती एकच ओळ देणारी पाहिजे. विथच्या आत डिलीट किंवा अपडेट असेल तर कंसात चालतच नाही, पोस्टग्रेस सांगतं की असलं विथ सगळ्यात वरच पाहिजे.

जुनी बिलं आर्काइव्हमध्ये हलवायची प्रोसीजर इथे अडकली होती, आणि उत्तर अगदी साधं निघालं, विथमध्ये डिलीट रिटर्निंग आणि खाली सिलेक्टऐवजी सरळ इन्सर्ट इन्टू आर्काइव्ह. इन्सर्टला रिटर्निंग नसेल तर त्याचा रिझल्टच नाही, डेस्टिनेशन कोण मागणार. जिथे किती हलली ते हवंय तिथे गेट डायग्नोस्टिक्स. रिटर्निंग लावून इन्टू विसरलात तर मात्र तीच एरर येते, फक्त हिंट येत नाही, तेव्हा घाबरू नका.

ज्युनिअरने परफॉर्म टाळायला एक शक्कल लढवली होती, लॉग लिहिणारं फंक्शन विथमधल्या एका सिलेक्टमध्ये आणि बाहेर सिलेक्ट १ इन्टू व्ही. एरर नाही, लॉग पण नाही. विथमधलं सिलेक्ट बाहेरच्याने मागितलं तेवढंच चालतं, कोणी मागितलंच नाही तर चालतच नाही. डिलीट, अपडेट, इन्सर्ट असते तर मागो न मागो पूर्ण चालले असते. पोरगा बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला, मग स्वतःच उठून चहा घेऊन आला सगळ्यांना.

१२ सप्टेंबर, गुरुवार

एक्झिक्यूट. वर्षवार टेबलांवर स्ट्रिंग जोडून क्वेरी चालवणारा रिपोर्ट. इथे इन्टू नसलं तर पोस्टग्रेस काही बोलत नाही, क्वेरी चालवतं आणि रिझल्ट चुपचाप टाकतं. साध्या सिलेक्टला जी एरर येते ती इथे नाही. म्हणून फाइंड-रिप्लेसने न सापडलेली सगळी मंडळी इथे लपलीत. सरांनी सांगितलं ऑरेकलमध्ये एक्झिक्यूट इमिजिएटला सिलेक्ट दिलं आणि इन्टू नाही दिलं तर ते सिलेक्ट चालतच नाही, म्हणजे आत फंक्शन असेल तर त्याचं काम पण होत नाही. आपल्याकडे होतं. एक्झिक्यूट फाउंड बदलत नाही हे पण लक्षात ठेवायचं, रोकाउंट मात्र मिळतो.

१६ सप्टेंबर, सोमवार

पीएलपीजीएसक्यूएल_चेक एक्स्टेंशन लावलं. फंक्शन न चालवता सगळ्या फांद्या तपासतं, पहिल्याच दिवशी लिहिलेली ती क्रेडिट नोटची झोपलेली सिलेक्ट त्याने बरोबर उठवली, तीच एरर, तीच हिंट, ओळीच्या नंबरसकट. पीजी_प्रॉकमधून (पोस्टग्रेसमधली फंक्शनची यादी) सगळ्या फंक्शनवर एकाच क्वेरीत फिरवता येतं, ट्रिगरला तेवढं टेबल पण सांगावं लागतं. एक्झिक्यूटच्या आतल्या जोडलेल्या स्ट्रिंगवर फार भरवसा ठेवायचा नाही, ते हातानेच. बिल्डमध्ये टाकलं, काही सापडलं तर मर्ज नाही.

हे पहिल्या आठवड्यात का नाही लावलं असं सरांनी विचारलं. लावलं असतं तर त्याने एवढंच सांगितलं असतं की तिसऱ्या ग्रिडला परफॉर्म लावा, आणि काकांची वही कोरी राहिली असती. बघायचा क्रम हाच बरोबर होता असं माझं मत आहे, सरांचं थोडं वेगळं आहे.

उद्या अनंत चतुर्दशी, मिलच्या झाक्यांच्या (देखाव्यांच्या) मिरवणुकीमुळे संध्याकाळनंतर राजवाड्याकडे जाता येणार नाही, काकांची टेस्टिंग आजच उरकून घेतली. सेठजी म्हणतात श्राद्धात नवीन काही सुरू करायचं नाही, घटस्थापनेला करा. आपल्याला दोन आठवडे मिळाले, आनंदच आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

काल पोस्टग्रेस १७ आलं. ज्युनिअरला लगेच हवंय. नाही. १६ वरच जायचं, दिवाळी झाली की बघू.

दोन्ही सिस्टिम शेजारीशेजारी चालवून रोजची उधारीची यादी जुळवतोय. एक पार्टी जुळत नव्हती, शोधलं तर जुन्या बाजूला कोणीतरी मॅनेजमेंट स्टुडिओमधून हाताने लिमिट बदललेली, आपला दोष नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल घटस्थापनेला सुरू केलं. रात्रीचा दिवस बंद काकांनी स्वतः केला, नोटपॅडमध्ये आता दोन ओळी आहेत, कॉलची आणि सिलेक्टची. यादी आली. काकांचं म्हणणं, शेवटच्या पेमेंटची तारीख नावाच्या आधी पाहिजे, वहीत तसे रकाने आहेत, आणि "हे वरचे दोन डबे कुठे गेले?" ते कोणीच वाचत नव्हतं काका, तुम्ही सुद्धा. म्हणाले, वाचत नव्हतो, पण ते आले की समजायचं काम झालं.

म्हणून दिवस बंदच्या शेवटी रेझ नोटिस (स्क्रीनवर दिसणारा मेसेज) टाकायची, "दिवस बंद झाला" आणि वेळ. रकान्यांचा क्रम सोमवारी बदलून देतो.